अमावास्येपर्यंत रडायचं नाही

ओलं कातडं आबांच्या डोक्यावर ठेवताना पाटलाने हात लावला नाही. काठीच्या टोकाने उचललं आणि वरून टाकलं. आदल्या दिवशी मेलेल्या बैलाचं कातडं. त्यातलं रक्त आबांच्या कानामागून मानेवर उतरलं. चैत्राचं ऊन. माशा. दोन्ही गावं नदीच्या वाळूत उभी राहून बघत होती.

कुणीतरी हसलं. आबांनी मान वर केली नाही. केली असती तर कातडं घसरलं असतं.

आबा म्हणजे माझा सासरा. गावचा महार. मी काठावर आमच्या बायकांत उभी होते. काखेत माझं तान्हं पोर. अजून नावसुद्धा ठेवलं नव्हतं. त्याचा बाप, माझा नवरा, धुळ्याला जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापसाची ओझी वाहत होता. घरी आबा, मी आणि पोर.

भांडण पाण्याचं होतं. आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. नदीच्या अलीकडे इंग्रज सरकारची हद्द, पलीकडे संस्थान. पलीकडच्यांनी वरच्या अंगाला बांध घातला आणि सगळी नदी आपल्या पाटात वळवून घेतली. आमच्या गावचे मळे वाळले. पाटलाचं म्हणणं, पुराने पात्र सरकलं आहे, खरी शीव जुन्या पात्रातून जाते, म्हणजे बांधाखालची जमीन आमची. पलीकडचे म्हणत, आमची. लाठ्या चालल्या. डोकी फुटली. मग इकडून मामलेदार आला, तिकडून संस्थानचा कारभारी. त्यांचे नकाशे एकमेकांशी जुळेनात. शेवटी दोघांनी जुनी रीत उकरून काढली. महाराने डोक्यावर कातडं घ्यायचं, देवाची आण घ्यायची आणि शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. मात्र येत्या अमावास्येच्या आत त्याच्या घरात कुणी मेलं, तर आण खोटी. मग बांध पलीकडच्यांचा.

जमीन गावाची, पाणी गावाचं. मरायचं मात्र आमच्या घरातल्या कुणी.

कुठून चालायचं ते पाटलाने आबांना आधीच सांगून ठेवलं होतं. खरी शीव कुठे आहे ते आबांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. आबा सांगितलं तसे चालले.

समोरच्या काठावर माझा बा उभा होता. मी पलीकडच्या गावची लेक. बा तिथला महार. आपल्या व्याह्याच्या डोक्यावरचं कातडं तो बघत होता. नजर माझ्याकडे वळली तशी त्याने ती खाली घातली.

आम्हांला गावात विहीर नव्हती. नदीच्या वाळूत झिरे उकरायचे आणि वाटी वाटीने घागर भरायची. नदी वळवली तसे आमचे झिरे आटले. तळाशी उरलं ते हिरवं, वास मारणारं पाणी. त्या उन्हाळ्यात मी पाटलाच्या विहिरीपाशी जाऊन लांबूनच पदर पसरला होता. गड्याने दगड मारून माझी घागर फोडली. मळे वाळले म्हणून दोन सरकारं धावून आली. झिऱ्यांचं नाव कुणी काढलं नाही.

ते हिरवं पाणी आम्ही प्यायलो. मी प्यायले. पोराच्या तोंडातही बोटाने घालत होते. त्याला हगवण लागली.

ही बातमी पाटलाच्या कानावर गेली आणि त्याच दिवशी त्याच्या विहिरीचं पाणी आमच्या दाराशी आलं. गडी उंचावरून ओतायचा, मी खाली मडकं धरायची. पाटलाच्या घरून दूधही आलं. वैद्य आला, अंगणातूनच औषधाची पुडी फेकून गेला. पाटील रोज महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा.

“पोर कसं शे?”

माझ्या पोराची चौकशी! अख्खं गाव त्याच्या हगण्यामुतण्याची खबर घेत होतं. त्याच्या श्वासावर त्यांचे मळे अडकले होते.

पोर एका दुपारी गेलं. माझ्या मांडीवर. हात गार झाला तेव्हा मला कळलं.

दाराशी पाटलाने गडी बसवून ठेवला होता. घागर फोडणारा तोच. मी हंबरडा फोडणार तेवढ्यात तो आत घुसला. विटाळ विसरला. माझ्या तोंडावर त्याने हात दाबला. त्या गावात नांदायला आल्यापासून वरच्या जातीच्या माणसाचा मला झालेला तो पहिला स्पर्श. हाताला तंबाखूचा वास होता. मी श्वासाला तडफडले, पण त्याने हात काढला नाही.

मग पाटील आला. पहिल्यांदाच आमच्या अंगणात. खाली वाकून त्याने आत पाहिलं.

“रडू नको,” तो मला म्हणाला. “अमाऊस होऊ दे. मंग रड, जितलं रडनं शे तितलं.”

आबांना म्हणाला, “घरमाच खड्डा कर. आठेच पुरी दे. कोनले समजाले नको.”

आबांनी चुलीशेजारी खड्डा खणला. गडी बघत उभा होता. खणताना आबांच्या तोंडून एक आवाज निघाला, तर गड्याने त्यांच्या पाठीत लाथ घातली. मी पोराला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. त्याच्या बापाला निरोप धाडायचा नाही, असं बजावून पाटील निघून गेला.

संस्थानचा एक शिपाई रोज यायचा. घरातली माणसं जिवंत आहेत का ते बघायला. पाटलाने त्याचीही सोय केली. “झोळीत चिंध्या भर. शिपाई उना का झोका दे. गानं म्हन.”

मी चिंध्या भरल्या. शिपाई अंगणात उभा राहायचा, मी आत झोका द्यायची. गडी दाराआडून डोळे वटारायचा. मी गायची. छातीला दूध दाटलं होतं. चोळी भिजायची. पोर जमिनीत, चिंध्या झोळीत, आणि मी त्या चिंध्यांना झोपवत होते.

पलीकडेही तेच चाललं होतं, हे मला मागून कळलं. तिकडच्या पाटलाने माझ्या बाच्या हातून देवीपुढे कोंबडं कापवलं होतं. आबांच्या घरात मरण पडू दे, असं त्याच्याच तोंडून म्हणवून घेतलं होतं. ते त्याच्या लेकीचंही घर होतं.

शिपायाला संशय आला असावा. अमावास्या जवळ आली तेव्हा तो बाला सोबत घेऊन आला. बाच्या पायांवर नदीतली वाळू होती. दाराशी उभा राहून त्याने विचारलं, “माय, पोऱ्या कसा शे?”

मी झोका देत होते.

त्याने पुन्हा विचारलं. तो देवीपुढे काय मागून आला आहे ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं, की आता तो “बरा शे” एवढंच ऐकायला जीव मुठीत धरून उभा आहे.

“गानं म्हन!” दाराआडून गडी पुटपुटला. “म्हन ना!”

मी थांबले. झोळीत हात घातला. चिंध्या काढल्या आणि शिपायाच्या पायाशी फेकल्या.

“मरी गया,” मी म्हणाले. “मना आंडोर मरी गया. आठे पुरेल शे.”

आणि मी रडले. चुलीशेजारची माती दोन्ही हातांनी उकरत रडले. गडी धावून आला तसा मी त्याच्या हाताला चावा घेतला. सगळ्या महारवाड्याला कळलेलंच होतं, फक्त कुणी तोंड उघडलं नव्हतं. आता बायका बाहेर आल्या. घरोघरचा आक्रोश एकदम उठला. बा उंबऱ्यावर डोकं आपटत होता.

शिपाई हसला. हसतच वळला आणि वाळूतून आरोळ्या ठोकत पळाला. ते जिंकले होते.

दिवस मावळायच्या आत पलीकडे डफ वाजू लागला. मला हात ओळखता आला. बाला ओढत नेऊन त्याच्या हातात डफ दिला होता. वाजवायचं काम महाराचं. नातवाच्या मरणाचा आनंद त्यांनी आजोबाकडून वाजवून घेतला.

अलीकडे आमचं गाव महारवाड्यावर चालून आलं. आबांना खांबाला बांधून मारलं. त्यांचा उजवा हात मोडला तो कायमचाच.

पाटील मला म्हणाला, “तुना रडाना पायी बठ्ठं गाव बुडनं.”

मी त्याच्या डोळ्यात बघितलं. त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्याचे डोळे साधेच होते. पिवळट, थकलेले.

“गाव तुमचं,” मी म्हणाले. “पोर मनं व्हतं.”

त्याने मला मारलं. मी डोळे हलवले नाहीत.

पावसाळ्यानंतर मामलेदार आणि कारभारी पुन्हा आले. दोन्ही पाटील बांधावर एका सतरंजीवर बसले. आणेचा निकाल बाजूला ठेवून, पुन्हा लाठ्या नकोत म्हणून, काही दिवस पाणी इकडे, काही दिवस तिकडे, असं ठरलं. पंगत उठली. हे त्यांना चैत्रातही करता आलं असतं. पाण्याच्या पाळ्या लागल्या, त्यात आमच्या झिऱ्यांसाठी एक दिवसही नव्हता.

बांधाला दार बसवायचं होतं, म्हणून दोन्ही महारवाड्यांना बोलावणं आलं. पलीकडचे आमचे सोयरे नदीच्या वाळूत गोळा झाले, आम्हीही गेलो. माझा नवरा परत आला होता. पुरुष घुटमळत होते. नाही गेलो तर पोटाला काय, असं म्हणत होते. तेव्हा मी बोलले. पुरुषांपुढे पहिल्यांदा.

“ज्याले जानं शे त्यानी जावो. पन आधी मना घरमा येवो, आनि चुल्हापानची माती हातमा लेवो.”

कुणी गेलं नाही. ना इकडचं, ना तिकडचं.

मग धान्य बंद झालं. आमची छपरं आमच्या गावाने जाळली, पलीकडच्या सोयऱ्यांची त्यांच्या गावाने. जिथे रोजगार मिळेल तिथे माणसं पांगली. आम्ही धुळ्याला आलो. मी नवऱ्यासोबत जिनात जाऊ लागले. पुढे मला मुलगी झाली. आबा आणि बा आमच्याकडेच वारले, एकाच खोलीत.

आता लोक सांगतात, इंग्रज जाणार, संस्थानं जाणार, नदीवरची ती हद्द पुसली जाणार. पुसू देत. दोन्ही काठांवरचे पाटील तेच आहेत आणि पाटाची दारंही त्यांच्याच हातात आहेत. ते म्हणतात, भांडण केव्हाच मिटलं. त्यांचं मिटलं. माझं मिटलेलं नाही. त्या पाण्यात आमच्या माणसांचा वाटा ठरेपर्यंत मी ते मिटू देणार नाही. मी मेले तर माझी मुलगी मिटू देणार नाही.