कच्च्या टाक्यावरचा बस स्टॉप

मी चौथी पास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हाताऱ्याने लपवलं असं पुढे कुणी म्हणायला नको. सुनेने वही आणून दिली म्हणून लिहायला बसलोय. शुद्धलेखन ती बघेल, मजकूर माझा राहील, असं आमचं ठरलंय.

अकोल्यात मी जन्मभर शिवणकाम केलं. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला एक फोटो होता, अजून आहे. त्या कोटाची कॉलर बघून बघून मी कोट शिवायला शिकलो, वस्तादाने शिकवलं ते नंतर. बायको गेल्यावर मुलाने मला मेलबर्नला आणलं. मुलगा-सून दोघं आयटीत, नातू शाळेत. सकाळी साडेसातला घर रिकामं, आणि सोफ्यावर मी. असे पाच महिने काढले. मग एक दिवस स्टेशनमागच्या रस्त्यावर एका ग्रीक म्हाताऱ्याच्या ऑल्टरेशनच्या दुकानावर पाटी दिसली. पाटी मला वाचता आली नाही. पण आतल्या मशीनवरची धूळ वाचता आली. दुकान विकायला होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, तो रस्ता मेलेला आहे. बारातली सात दुकानं बंद आहेत."

"पाच उघडी आहेत ना?"

"आणि लोक काय म्हणतील? इंजिनियरचा बाप पँटी शॉर्ट करतो?"

"त्याच पँटींवर तू इंजिनियर झालास," मी म्हटलं. दुकान घेतलं.

ती भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भरतीची वर्षं होती. क्लेटनला युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, आसपास भाडं परवडेना, म्हणून पोरं दोन-तीन स्टेशनं पुढे आमच्याकडे राहायला यायची. एकेका घरात आठ-आठ. युनिची बस थेट माझ्या दुकानासमोरून सुटायची, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिथे शंभरेक पोरं. पण सगळी दुकानांकडे पाठ करून उभी. का नाही करणार? सकाळी त्यांना घाई, आणि संध्याकाळी सहाला परत येईपर्यंत इथल्या लोकांची शटर पडलेली. पाच वाजले की दुकान बंद, हा इथला नियम. कुणी केला ते कुणालाच माहीत नाही.

मी आठपर्यंत उघडं ठेवायला लागलो. काचेत दिवा लावला, आत एक बाकडं टाकलं. आठवडाभरात पहिलं गिऱ्हाईक आलं. सिक्युरिटीच्या नोकरीचा युनिफॉर्म घेऊन. युनिफॉर्म सहाफुटी गोऱ्याच्या मापाचा, आतला पोरगा अमरावतीचा. "काका, आज शिफ्टला जायचंय, होईल का हो?" म्हटलं, बस. बसला, चहा प्याला, दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन आला.

शेजारचं दुकान एका आयरिश बाईचं. लोकर, सुया, बटणं. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि तोंड म्हणाल तर माझ्याहून तिखट. तिचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, माझं तिला निम्मं, त्यामुळे भांडण कधी फार लांबायचं नाही. मी तिला म्हटलं, बाई, सातपर्यंत तरी थांबा. ती म्हणाली, चाळीस वर्षं मी पाचला बंद करते. मी म्हटलं, म्हणूनच खिडकीत कबुतरं बसतात. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी साडेसहाला तिच्याकडे दिवा दिसला. मेलबर्नच्या थंडीत नागपूरची पोरं हातमोजे शोधत होती, ती सगळी तिच्याकडे गेली. मग मासेवाल्याचं बंद दुकान एका जोडप्याला आठवड्याच्या बोलीवर मिळालं, डबे करायला. कुणी मोबाइल दुरुस्तीचं टाकलं, कुणी केस कापायचं. दीड वर्षात सातातली तीन दुकानं उघडली. कुणी प्लॅन केला नव्हता. पोरं जिथे उतरतात तिथे दिवा हवा, एवढंच.

आणि मग बसच्या खांबाला काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, कागद लागला.

सुनेने उभ्या उभ्या वाचला. बस स्टॉप रेल्वेलाइनच्या पलीकडे न्यायचा, तिथे नवा प्लाझा झालाय, मोठं सुपरमार्केट आहे. आणि आमच्या रस्त्याचं पुनरुज्जीवन करायचं. नव्या फरशा, बाकं, नऊ झाडं.

"म्हणजे माणसं नेणार आणि झाडं आणणार?" मी विचारलं.

"तसंच दिसतंय, बाबा."

कागद वाचून शेजारची बाई खुर्चीत बसली. मी तिला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती. तिचं गाव आयर्लंडमधलं, एक चौक आणि एक रस्ता एवढंच. चौकात बस थांबायची आणि समोर तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. गावाच्या कडेला मोठ्या रस्त्यावर सुपरमार्केट आलं, सोयीसाठी म्हणून बस तिकडे नेली. चौकात दगडी कारंजं बांधून दिलं, फुलांच्या कुंड्या टांगल्या. ती म्हणाली, "कुंड्या फार सुंदर होत्या. बघायला कोणी नव्हतं. आधी खाटीक गेला, मग बेकरी, मग माझा बाप. मी बोटीत बसले. पुन्हा बोटीत बसायचं माझं वय नाही."

मी म्हटलं, "बसावं लागणार नाही." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. मी तर देवही मानत नाही.

काउन्सिलने सभा घेतली. पडद्यावर चित्रं. दाखवणारी मुलगी प्लॅनिंगवाली, तिशीची असेल, चांगली होती, आवाज न चढवता बोलायची. चित्रात आमचा रस्ता इतका छान दिसत होता की मला ओळखू येईना. माझं दुकान होतं तिथे कॉफी पिणारी गोरी जोडपी काढलेली. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. मुलगा कानात म्हणाला, "बाबा, प्लीज, इथे असं उठून भांडत नाहीत." मी उठलो. गळ्यातला टेप काढायचा राहिलाच होता.

माझ्या इंग्रजीत मी सांगितलं ते असं. मॅडम, मी टेलर आहे. कोट शिवताना आम्ही आधी कच्चा टाका घालतो. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो, हात वर करायला सांगतो, बसायला सांगतो. कुठे ओढतंय ते कळतं. मग दोरा ओढून काढायचा आणि पक्की शिलाई मारायची. तुम्ही एकदम सिमेंट ओतताय. सिमेंट उसवता येत नाही. आधी कच्चा टाका घाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्लॅनिंगवालीने सगळं लिहून घेतलं, मान वर करून म्हणाली, "ट्रायल. दॅट्स फेअर, सर." मी छाती काढून खाली बसलो. सून डोळे मिटून बसली होती.

महिन्याने ट्रायल सुरू झाली. बस स्टॉप तीन आठवड्यांसाठी प्लाझाला. आमच्या खांबावर पिवळी पिशवी चढवली. दुकानांसमोर हातात यंत्र घेतलेला माणूस खुर्ची टाकून बसला, येणारं-जाणारं डोकं मोजायला. पहिल्या दिवशी मी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी दिला नाही. मोजायला त्याच्याकडे काही नव्हतंच.

बाई माझ्या दारात उभी राहिली. "कात्री तूच त्यांच्या हातात दिलीस. आमच्या गावात निदान आम्ही मागितलं नव्हतं."

"ट्रायलमध्ये चूक दिसते, बाई. नेहमी दिसते."

"दिसतेय ना. समोर उभी आहे." आणि गेली. त्यानंतर बटणं मागितली की काउंटरवर ठेवायची आणि नुसती किंमत सांगायची.

तीन आठवडे मी मान खाली घालून काढले, असं सांगितलं तर खोटं होईल. मान वरच ठेवली, पण झोप लागली नाही. घरी नातवाने विचारलं, "Are you in trouble, Ajoba?" मी म्हटलं, नाही. म्हणाला, "You look like trouble." हे खरं होतं.

तीन आठवडे झाले तरी खांबावरची पिशवी तशीच, आणि काउन्सिलचं पत्र आलं. सुनेने वाचलं. आमच्या रस्त्यावर माणसं कमी, प्लाझाला पुरेशी, म्हणून स्टॉप कायमचा हलवण्याची शिफारस. आठ दिवसांत काही म्हणायचं असेल तर म्हणा.

त्या दिवशी दुकानात मी दांड्यावरचे कपडे बाजूला करत होतो. दांडा खच्चून भरलेला, नवी पँट अडकवायला जागा नाही. आणि हात तिथेच थांबला. दुकान रिकामं आणि दांडा भरलेला, हे कसं? प्रत्येक पँटीला माझी चिठ्ठी टाचलेली असते, नाव आणि कधी नेणार ते. पोरं स्वतःच लिहितात, मराठीत नाही तर इंग्रजीत. मराठीतल्या मी वाचल्या, इंग्रजीतल्या संध्याकाळी सुनेला बोलावून वाचून घेतल्या. 'सुट्टीनंतर.' 'काका, इंडियाहून आल्यावर.' 'मिल्डुराहून आल्यावर नेतो.' मिल्डुरा म्हणजे इथलं संत्र्यांचं गाव. नागपूरची पोरं इतक्या लांब येऊन सुट्टीत तिथे संत्रीच तोडायला जायची.

युनिला सुट्टी होती! काउन्सिलने ट्रायल सुट्टीत घेतली. कोणाच्या मनात पाप असेल असं मी म्हणत नाही. गर्दी नसताना काम उरकावं, एवढाच विचार असेल. पण मी? कच्चा टाका घाला म्हणून सभेत छाती काढून सांगणारा मी, ट्रायलला गिऱ्हाईक हजर आहे का, हे बघायचं विसरलो. अकोल्यात पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला मापाच्या गजाने मारलं असतं.

"बाबा, मी छान ईमेल लिहून देते," सून म्हणाली.

"ईमेल नको. दांडा काढ."

दुसऱ्या दिवशी सत्तावीस पँटी दोन्ही हातांवर टाकून मी काउन्सिलच्या ऑफिसात गेलो. बस प्लाझाच्या स्टॉपवरून पकडावी लागली, तेही नमूद करतो. काउंटरवरची बाई म्हणाली, "सर, लॉन्ड्री इथे नाही." मी प्लॅनिंगवालीला बोलवा म्हटलं. ती आली. मी पँटी तिच्यासमोर एकेक मांडल्या. काउंटर पुरला नाही, मग खुर्च्यांवर.

"हे काय आहे, सर?"

"तुम्ही मोजली नाहीत ती माणसं. चिठ्ठी वाचा."

ती वाचू लागली. पाच-सहा वाचल्यावर हळू झाली. मराठीतली आली की मी सांगायचो. सगळ्या वाचल्या, मग खुर्चीवरच्या दोन पँटी बाजूला करून तिथे बसली. "आम्ही सेमिस्टर ब्रेकमध्ये मोजलं," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

"माप घेतलं तेव्हा गिऱ्हाईक घरी नव्हतं, मॅडम. चूक माझीपण. मी सांगायला हवं होतं. पण चुकीच्या मापावर तुम्ही कापड कापलंत तर मी रोज इथे येईन. पँटी भरपूर आहेत."

मी धमकी दिली नाही. वेळापत्रक सांगितलं.

मुलगी खरी निघाली. युनि उघडल्यावर ट्रायल पुन्हा घेतली, आणि या वेळी नुसतं यंत्र नाही, एक दुपार ती स्वतः आमच्या रस्त्यावर टेबल टाकून बसली. पँटी न्यायला आलेल्या प्रत्येकाला मी एवढंच सांगितलं, तिथे जाऊन तुला काय वाटतं ते सांग, मला काय वाटतं ते नको. रांग लागली. मुली म्हणाल्या, प्लाझाचा स्टॉप मोकळा पडतो, आडोसा नाही. डबा घेणारे म्हणाले, लाइन ओलांडून परत यावं लागतं, बस चुकते. पुण्याचा एकजण म्हणाला, प्लाझाच बरा, तिथेच दूध-ब्रेड मिळतं. बोलणं झालं की दुकानात आला. त्याची पँट मी त्याला दिली, घडी घालून दिली. फक्त हसलो नाही.

पिवळी पिशवी निघाली. बस परत आमच्या दारात. पण पाटीखाली एक नवी पट्टी लावली. सुनेने वाचली आणि हसायला लागली. 'तात्पुरता स्टॉप. बारा महिन्यांनी पुनर्विचार.'

बाई बाहेर आली. पट्टी वाचली, मग माझ्याकडे वळली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा किमतीशिवाय काही बोलली. "कच्चा टाका?"

"कच्चा टाका."

"तुझ्या तोंडाला घालायला हवा होता." आणि माझ्या हातात चार पितळी बटणं ठेवली. वडिलांच्या दुकानातली, म्हणाली. पैसे सांगितले नाहीत.

त्यानंतर दर वर्षी काउन्सिलचं पत्र येतं. सून वाचते, "बाबा, आणखी बारा महिने." मी ते दुकानात खिळ्याला लावतो. सहा झाली. पोरांचा लोंढा मधे ओसरला, पुन्हा आला. डब्यांचं जोडपं मोठ्या जागेत गेलं, तिथे आता दुसरं आलं. नऊपैकी सात झाडं लावली काउन्सिलने, त्यांच्या सावलीत पोरं बसची वाट बघतात, तेव्हा झाडांशी माझं काही भांडण नाही. प्लॅनिंगवाली आता वरच्या पदावर आहे. कोटाची बाही कमी करायला माझ्याकडेच येते, बसने.

परवाचं पत्र लावत होतो तेव्हा बाई दारात होती. म्हणाली, "हा स्टॉप पक्का व्हायच्या आत मी मरणार."

"मरा ना," मी म्हटलं. "पण सातनंतर. दुकान बंद करून."