मार्चचं पान

व्हर्लिन हास्कॅम्पला बायकोवरून कधी मत्सर वाटला नाही. ती दर मंगळवारी ज्या माणसाबरोबर बोलिंग खेळायला जाई, त्याच्याशी तो बर्फातल्या टायरांवर तासभर बोले. त्याला मत्सर वाटला तो जॉयलीन थीलनचा, आणि तोही दुधाच्या टँकरांवरून.

आमची सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी मिनियापोलिसची. परक्या कंपनीत जाऊन बसायचं, तिला हवं ते बांधायचं, तिच्या माणसांच्या हाती द्यायचं आणि निघायचं. 'आपली गरज उरणार नाही असं काम करा,' हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. एकवीस वर्षं ते सांगण्याचं काम व्हर्लिनकडेच होतं.

सेंट क्लाउडपलीकडच्या एका दूध संघासाठी तो तीन वर्षं खपला. कोणता टँकर कोणत्या गोठ्यावर किती वाजता जाईल, हे ठरवणारा प्रोग्रॅम त्याने बांधला. त्याआधी हे काम जॉयलीन फोनवरून, तोंडपाठ करत असे. आता प्रोग्रॅम तिच्याकडेच सोपवायचा होता. मी शेजारी बसून होतो. तिसऱ्या दिवशी ती व्हर्लिनला म्हणाली, "माझ्या प्रोग्रॅमचं हे बटण जरा मोठं कर."

"कुणाच्या?"

"अरे, चष्मा घरी राहिला की दिसत नाही मला."

जेवणाच्या सुट्टीत व्हर्लिन धुमसत होता. "माझ्या म्हणे! बाळंतपण मी काढलं, आणि बारशाला ही आत्या."

"त्यातला एकेक रस्ता तूच तिला विचारून घातलास ना?"

"नीट विचारणं ही सुद्धा कला आहे," तो म्हणाला आणि बटाटे-खिम्याच्या हॉटडिशचा डबा न उघडताच उठला.

निरोपाच्या दिवशी संघाने त्याला चीजचा पाच पौंडी गोळा दिला. व्यवस्थापकांनी भाषणात तीनदा त्याला 'व्हर्नन' म्हटलं. त्याने दोनशे बारा पानांची माहिती जॉयलीनच्या हाती ठेवली. ती पानं मी आधी चाळली होती. एक पान नव्हतं.

इकडे मार्चमध्ये गोठलेली जमीन वितळली की कच्चे रस्ते लापशीसारखे होतात. मग काउंटी, म्हणजे जिल्ह्याचं प्रशासन, जड गाड्यांवर बंधन घालते आणि टँकर अर्धेच भरावे लागतात. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक कळ होती. ती दरवर्षी व्हर्लिन स्वतः दाबत असे.

"मार्चचं काय?" मी विचारलं.

"अडलं तर फोन करतील की," तो म्हणाला.

आम्ही सेंट पॉलच्या एका विमा कंपनीत गेलो. तिथे आम्हाला 'ते बाहेरचे' म्हणत. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी व्हर्लिन सत्तर मैल गाडी हाकत संघाच्या फाटकाशी जाऊन आला. सोमवारी त्याचा चेहरा उतरलेला होता.

"साडेनऊचा टँकर नऊ पंचवीसला सुटतो."

"मग चांगलंच झालं."

"तिने पाच मिनिटं वाचवलीत," तो म्हणाला. घरात चोरी झाल्यासारखा सूर होता.

मार्च उजाडला. तो रोज सकाळी काउंटीच्या सूचना वाची आणि फोन जवळच उताणा ठेवी. बाराव्या तारखेला बंधन लागलं. फोन आला नाही. तेरा, चौदा. "भरलेले टँकर पाठवत असेल ती बाई! रस्ता खचायचा एखादा," तो म्हणे. मला त्यात काळजीपेक्षा आशा जास्त वाटली.

सतराव्या तारखेला फोन वाजला. त्याने तो चारदा वाजू दिला.

"बोल जॉयलीन. अडलं ना?"

तिचा आवाज टँकरवाल्यांना हाका मारून कमावलेला; मला सगळं ऐकू येत होतं. "छे रे! शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण आहे. बायकोला घेऊन ये."

"आणि मार्चचं?"

"ती कळ होय? जानेवारीतच सापडली. पान लिहून लावून टाकलं तुझ्या कागदांत. माझी सासू पाककृती द्यायची ना, त्यात एक जिन्नस हमखास गाळायची. म्हणजे आम्ही विचारायला जाऊ."

व्हर्लिनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जायचो आम्ही. माहीत असूनसुद्धा जायचो. तू शुक्रवारी येतोयस ना?"

"बघतो. दुसरं काही अडलं नाही?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही रे बाबा!"

फोन ठेवून तो आमच्याकडे वळला.

"दूध संघाचा होता," तो म्हणाला. "दोन-तीन शंका होत्या त्यांच्या."