धुराड्यावरच्या फळ्या

माझी बायको गुनवोर गावातली धुराडी झाडते आणि घरोघरची, दुकानांची आगीची तपासणीही करते. आमचं खाणीचं जुनं गाव सगळं लाकडाचं, घरं एकमेकांना खेटून उभी. एक पेटलं की आळी गेली. म्हणून तिला मान आहे आणि शिव्याही तेवढ्याच आहेत. मागच्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ कोसळून खानावळीचं मागचं दार अडलं होतं, तर आचाऱ्यासकट सगळ्यांच्या हाती फावडी देऊन मगच तिनं पाहुण्यांना आत सोडलं. अशा बाईशी संसार करणाऱ्याला मेणबत्ती लावतानाही आधी इकडेतिकडे बघावं लागतं.

माझ्या आईचं घर मात्र ती तपासत नसे. ते काम तिचा म्हातारा सहकारी करायचा, म्हणजे कॉफी प्यायचा आणि जायचा. तो निवृत्त झाला आणि यंदा नाताळाच्या तोंडावर आईचं घर गुनवोरच्या वाट्याला आलं. मला ते नकोच होतं.

कारण आईच्या खोलीतल्या धुराड्याला खालपासून वरपर्यंत पाइनच्या फळ्या मारलेल्या होत्या. बाबा सुतार. त्यांनी त्यांवर वेली कोरल्या होत्या. कायदा सांगतो की धुराड्याच्या विटा उघड्या हव्यात, तडा गेला तर दिसला पाहिजे, आणि लाकूड तर विटांना टेकताच कामा नये. पण बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली की घरात उघड्या विटा कुणाला बघवत नाहीत. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आई अजून रोज त्या फळ्या पुसते.

गुनवोर आली, तिनं कॉफीला नको म्हटलं आणि फळीवर तळहात ठेवला. तो तिनं बराच वेळ उचललाच नाही.

"आई, शेगडी कधी विझवलीत?"

"कालच. तू येणार म्हणून."

"मग फळी इतकी गरम कशी?"

आई म्हणाली की भिंतीपलीकडे शेजारच्या टोरलाइफची शेगडी पेटलेली आहे, दोन्ही घरांना धुराडं एकच, गरम होणारच. एवढं होत नाही, असं म्हणत गुनवोरनं पिशवीतून छोटी पहार काढली. आई फळ्यांना पाठ लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग." खरं सांगायचं तर मला बायकोचाच संताप आला होता. सगळं गाव सोडून हिला माझा बापच सापडला का?

"आई, बाजूला व्हा," गुनवोर हळूच म्हणाली. "मला हे आवडत नाहीये."

शेवटी आई सरकली. फळ्या कडाकड निघाल्या, वेली मधोमध चिरल्या. मागच्या विटा अगदी धडधाकट, केसाएवढीही भेग नाही.

"झालं समाधान?" आई म्हणाली.

गुनवोरचा चेहरा पडला, पण तिनं विटांना हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. तडा पलीकडच्या बाजूला असणार, म्हणत ती धावतच शेजारी गेली. टोरलाइफकडे नातीच्या बाप्तिस्म्याचं जेवण चाललं होतं. तो दारातच आडवा उभा राहिला. आधी नोटीस दे, सोमवारी ये, म्हणाला. सासूचं घर फोडून काय मिळालं, असंही त्यानं विचारून घेतलं. गुनवोरनं मला अग्निशमन दलाला फोन करायला सांगितलं. आमचं दल म्हणजे गावातलीच माणसं. मी फोन लावला तर तो टोरलाइफच्याच जेवणाच्या टेबलावर वाजला. आत हशा पिकला.

तेवढ्यात घरातल्या सपाता घालून बर्फातून आई आली.

"टोरलाइफ, तुझ्या धुराड्यालाही ह्यांनीच फळ्या मारल्यात. आमच्या उरलेल्या लाकडाच्या. आत पोर आहे. तिला काही झालं तर ह्यांच्या थडग्यावर मी कुठल्या तोंडानं जाऊ? हो बाजूला."

"वहिनी, अहो..."

"हो बाजूला."

तो झाला. गुनवोरनं पहिली फळी उचकटली आणि धुराचा लोट खोलीत आला. फळीची पाठ काळी ठिक्कर पडली होती आणि ऊब राहावी म्हणून भिंतीत भरलेला लाकडाचा भुसा आतल्या आत लाल धुमसत होता. मघाशी हसणारे क्षणात उठले. कुणी पोरीला घोंगडीत गुंडाळून बाहेर नेलं, बाकीच्यांनी चांदीच्या बटणांच्या सणाच्या कपड्यांतच पाण्याचे पाइप ओढले. भिंत फोडून सगळा भुसा बाहेर बर्फात उपसला. मी बादल्या वाहत होतो.

आळी वाचली. गुनवोर पायरीवर बसली होती, काजळीनं माखलेले हात बर्फानं घासत होती. मला तिच्याजवळ जायची लाज वाटत होती. आईच गेली, आणि अंगावरची शाल काढून तिनं सुनेच्या खांद्यावर टाकली.

"ऊठ," आई म्हणाली. "ह्यांनी अजून कुणाकुणाकडे फळ्या मारल्यात, ते आता मलाच तेवढं ठाऊक आहे."