जाळीची काच

कुंदाबाईंच्या खिडकीची काच एक्क्याण्णव सालात चार वेळा फुटली. चारही वेळा त्या शाळेत होत्या. धरणगावहून सकाळच्या एसटीने खेड्यातल्या शाळेवर जायचे, संध्याकाळी परत यायचे आणि कॉटवरचे तुकडे सुपलीत भरायचे. गल्लीत विचारले तर कोणी काही पाहिलेले नसे. गल्लीला त्या आवडत नव्हत्या. त्यांनाही गल्ली आवडत नव्हती, आणि ते त्या लपवत नसत.

दगड कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होते. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात धाकटा दीर सुकदेव राहत होता. भाऊ गेला, मूलबाळ नाही, तेव्हा भावजयीने माहेरी जावे आणि तिच्या दोन खोल्या मोकळ्या कराव्यात, एवढेच त्याला हवे होते. तो भांडत नसे. अंगणात भेटला की विचारी, "वहिनी, एकटीला करमतं का?"

"तुम्ही नसता तर करमलं असतं," त्या म्हणत आणि कडी लावत.

खिडकीला गज नव्हते. नवऱ्याने हौसेने तीन फूट रुंद एकच अखंड काच बसवून घेतली होती. चौथ्यांदा काच आणायला त्या बाजारात लोटन काचवाल्याकडे गेल्या, तेव्हा त्याने आधी गजच सुचवले. बाई म्हणाल्या, "दगड त्यांचे, आणि गजांआड मी राहू?"

लोटनने पुन्हा गज काढले नाहीत. जाड काच दाखवली. ती बाईंनी बोटाने वाजवून परत केली. भट्टीत तापवून कडक केलेली काच मुंबईहून मागवता येईल, असे तो म्हणाला. ती साधीपेक्षा कितीतरी दणकट, पण कोपऱ्यावर टोकदार घाव बसला की सबंध खाली सांडते, साखरेसारखी. मग त्याने तिसरी काढली. तिच्या पोटात तारेची बारीक जाळी होती. एक तुकडा फरशीवर ठेवून त्याने हातोडी मारली. काच तडकली, तडे चहूकडे पळाले, पण एक कपचाही सुटला नाही. बाईंनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. फुटूनही जागा न सोडणारी वस्तू त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

"हीच द्या," त्या म्हणाल्या.

रविवारी लोटन काच घेऊन आला. काच जड होती, एकट्याने धरून खिळे मारणे शक्य नव्हते. अशा वेळी शेजारच्याने हात द्यायचा असतो. सुकदेव बनियनवर आला, दोन्ही तळहात काचेला लावून उभा राहिला. लोटनने बाहेरच्या खाचेत काच चिकटवायचे लुकण भरले, वर लाकडाच्या चार पट्ट्या ठेवून बारीक खिळे ठोकले. सुकदेवने काचेची तारीफ केली, लोटनला चहा पाजला. बाईंनी त्याचे आभार मानले नाहीत. काचेवर उठलेले त्याचे पंजे मात्र त्यांनी तो जायच्या आत पुसून काढले.

दगड थांबले. तीन आठवडे बाईंनी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी पूर्वीसारखी चाल मंद केली नाही.

चौथ्या आठवड्यात त्या परत आल्या तेव्हा काच खिडकीखाली बाहेरून भिंतीला टेकवलेली होती. एक तडा नाही. चारही पट्ट्या सुतळीने बांधलेल्या, खिळे काडेपेटीत ठेवलेले. मागचे दार आतून उघडून कोणीतरी निघून गेले होते आणि जाताना दार नीट लोटून घेतले होते. ट्रंक जागेवर होती. फक्त कॉटच्या चादरीवर कोणीतरी निवांत बसून गेल्याची घडी होती. काही फुटले नव्हते, काही गेले नव्हते. तक्रार काय लिहायची?

बाई पट्ट्यांची मोळी घेऊन तशाच लोटनच्या दुकानात गेल्या आणि ती त्याच्या टेबलावर आपटली. बाहेरच्या अंगाला पट्ट्या का मारल्या, त्यांनी विचारले.

"पाऊस आत येऊ नये म्हणून. बठ्ठा गावमा अशीच रीत शे, बाई." मग नजर न उचलता तो म्हणाला, "तुम्ही काच इचारी. खिडकी इचारी नही."

बाई म्हणाल्या, चौकट उपटा आणि उलटी बसवा. पट्ट्या माझ्या अंगाला पाहिजेत. लोटनने समजावले की खाच आत गेली की पाणी काचेच्या कडेने आत झिरपेल, भिंत ओली राहील, दर पावसाळ्याला लुकण भरावे लागेल. बाईंनी ऐकून घेतले आणि गवंडी कधी येईल ते विचारले. चौकट फिरवली त्या दिवशी काच धरायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. सुकदेव अंगणात आला होता. त्याला कोणी हात मागितला नाही.

आषाढात व्हायचे तेच झाले. काचेखालची भिंत काळी पडली, पोपडे सुटले. बाईंनी कॉट पलीकडच्या भिंतीला सरकवली, खिडकीखाली परात ठेवली आणि तिच्या आवाजात वह्या तपासू लागल्या. एका सकाळी त्या परात अंगणात रिकामी करत असताना सुकदेव त्याच्या उंबऱ्यावर दात घासत उभा होता.

"वहिनी, घरात पाणी येतं म्हणे."

बाईंनी परात उपडी करून शेवटचा थेंब झटकला.

"पाणीच येतं, भाऊ. दुसरं कोणी येत नाही."