मोज्यातले वाळे

नातवाचं वजन वाढलेलं दिसावं, लवकर घरी सोडावं, म्हणून मी त्याच्या मोज्यांत चांदीचे वाळे लपवले होते. वय साठ, अक्कल सहाची. सून बदलापूरला तापाने पडलेली. उल्हासनगरच्या त्या दवाखान्यात बाळ काचेच्या पेटीत, मी बाहेर बाकावर. दिवसभर बोलायला कोणी नाही.

एक सिस्टर तेवढी ओळखीची झाली होती. औषध देण्याआधी वजन आणि मात्रा मोठ्याने वाचायची, दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायची. मला वाटायचं, हिला स्वतःवरच भरवसा नाही.

त्या दिवशी दवाखान्यातल्या मावशींनी बाळाचं मोज्यांसकट वजन केलं. आकडा बघून सिस्टर थबकली. सिरिंज बाजूला ठेवून तिने मोजे उतरवले. वाळे पडले तशी मी ओशाळून हसले. ती हसली नाही.

"आजी, औषध वजनावर ठरतं. जास्त झालं तर त्याला सांगता येणार आहे का? त्याचं म्हणून इथे कोण आहे, तुम्हीच ना?"