विहीणबाईंची बैठक

पाऊस एन्जॉय करायला निघालेल्या माणसांचा मला मनापासून राग येतो. हा राग आजचा नाही. ऐंशीच्या दशकातल्या एका जुलैपासून मी तो सांभाळून ठेवलाय, आणि तो कमी व्हावा असं मला कधी वाटलेलंही नाही.

तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सासर अंधेरीला, तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये. माहेर बोरिवलीच्या खाडीपलीकडे. होडीतून उतरून अर्धा तास चाललं की वडिलांची भाताची खाचरं लागायची. लग्न आमचं ऑफिसात जमलेलं. सासूबाईंनी त्यात मोडता घालून पाहिला, जमलं नाही, मग आपण किती मोठ्या मनाच्या आहोत हे त्या आल्यागेल्याला ऐकवू लागल्या. वडिलांच्या कानावर ते गेलंच होतं. त्यामुळे सासरचं कुणी आलं की माझे वडील स्वतःच्याच घरात अवघडून उभे राहायचे. कुणी बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. माझी आई असती तर तिने त्यांना हाताला धरून बसवलं असतं, पण ती माझ्या लग्नाआधीच गेली होती.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस चार दिवस पडला आणि तोंड काळं करून गेला. वडिलांनी पेरलेल्या भाताची रोपं वीतभर वाढली आणि उन्हाने करपायला लागली. तीन आठवडे आभाळ कोरडं. मी एका रविवारी गेले तर ते विहिरीवरून हंडे वाहत होते आणि हाताने रोपांवर पाणी शिंपडत होते. अर्धी रोपं तरीही गेली. जी उरली ती सगळ्या खाचरांना कशीबशी पुरली असती. पुन्हा पेरायला बियाणं नव्हतं, आणि असतं तरी दिवस राहिले नव्हते.

अंधेरीतही पावसाची वाट बघणं चालू होतं. "वहिनी, पाऊस आला ना की तुझ्या माहेरी जायचं हां. काय झकास वाटेल!" नणंद रोज म्हणायची. नवऱ्याने कॅमेऱ्यात नवा रोल भरून ठेवला होता. शेवटी एका शुक्रवारी पाऊस कोसळायला लागला आणि थांबेचना. शनिवारी संध्याकाळी घरात वड्यांचं वाटण झालं. मी म्हटलं, "उद्या नको. उद्या तिकडे भाताची लावणी असणार."

"अगं, मग तर छानच!" सासूबाई म्हणाल्या. "लावणीही बघायला मिळेल. आम्ही काय कुणाच्या वाटेत येणार आहोत?"

लावणीचा दिवस आमच्याकडे कुणा एकाचा नसतो. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, असं बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जातात. त्या रविवारी आमची पाळी होती. ती हुकली की गावाची सगळी खाचरं होईपर्यंत थांबायचं. आम्ही चौघं पोचलो तेव्हा आठदहा बायका चिखलात वाकून कामाला लागल्या होत्या. वडिलांनी पहाटेपासून रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधल्या होत्या. खालच्या खाचरांच्या मुठी बायकांच्या हातात होत्या. वरच्या दोन मोठ्या खाचरांसाठीच्या मुठी बांधावर रचून त्यांवर गोणपाट टाकलं होतं.

मी चहा करायला घरात गेले. ती माझी चूक. चूल ओली, पेटायला वेळ लागला. किटली घेऊन बाहेर आले तर सासूबाई त्या गोणपाटावर ऐसपैस बसल्या होत्या. नणंद त्यांना चिकटून. दोघी मिळून एका छत्रीखाली वडे खात होत्या आणि नवरा पुढे-मागे होत त्यांचा फोटो घेत होता. वडील शेजारी उभे होते, डोक्यावरून पाणी गळतंय, चेहऱ्यावर हसू.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, उठा आधी!" मी ओरडले. "रोपांवर बसलाय तुम्ही. भाताची रोपं आहेत ती!"

सासूबाईंचा घास हातात राहिला. "मला काय माहीत? गुडघे दुखत होते, तुझ्या वडिलांना विचारलं, इथे बसू का? ते बसा म्हणाले."

"होय गं बाय," वडील घाईघाईने म्हणाले. "विहीणबाईंसाठी मीच मांडून ठेवलंय ते. जास्तीची रोपं आहेत. तू चहा दे बघू."

खाचरातली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली. जास्तीची रोपं! त्या वर्षी गावात कुणाकडे जास्तीचं गवतसुद्धा नव्हतं.

मी वडिलांना सगळ्यांसमोर खोटं पाडायला हवं होतं. सासूबाईंना हाताला धरून उठवायला हवं होतं. मी काय केलं, तर कपात चहा ओतला. तो चहा घेत त्या आणखी तासभर तिथेच बसल्या. "वरच्या मुठी द्या की!" बायका दोनदा ओरडल्या, आणि वडील दोन्ही वेळा म्हणाले, "आधी खालचं आटपा." निघताना सासूबाई त्यांना म्हणाल्या, "मुलीला जरा बोलायचं वळण लावायला हवं होतं." वडिलांनी हात जोडले. "चुकलं तिचं," म्हणाले. होडीपर्यंत ते सासूबाईंच्या डोक्यावर छत्री धरून चालले, स्वतः भिजत.

चेचलेली रोपं बायकांनी तशीच लावली. आठवड्याने ती पिवळी पडून आडवी झाली, आणि वरची दोन खाचरं त्या वर्षी रिकामी राहिली. सासरी मात्र तो दिवस सगळ्यांच्या तोंडी होता. फोटो फार छान आले होते. जो येईल त्याला दाखवले जात.

दिवाळीनंतर दरवर्षी मुलीच्या सासरी नवा तांदूळ पाठवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. पहिल्या वर्षी वडिलांनी भरलेलं पोतं आणलं होतं. त्या वर्षी अर्धं आणलं, दारातच ठेवलं आणि पाणीही न पिता परत गेले. सासूबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घालून पाहिला.

"अर्धंच? एका वर्षात मुलगी जुनी झाली वाटतं."

"उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही बसला होता, आई," मी म्हटलं.

चार महिन्यांनी बोलले, तेही वडील ऐकायला नसताना. सासूबाईंनी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी विचारून बसले होते."

तेवढं मात्र खरं होतं.