कुंडलिकेकाठचे दर्यावर्दी

वखारीत भुशाचं असंच असतं. सकाळी झाडून काढा, दुपारपर्यंत पुन्हा ढीग तयार! आमच्या गल्लीतल्या किश्शांचंही तेच. एकावर हसून होत नाही तोवर दुसरा पडलेला असतो. हैदराबादला कॉलेजात होते तेव्हा हॉस्टेलच्या मुलींना मी हे किस्से सांगून रडेपर्यंत हसवायचे. एक गोष्ट मात्र त्यांना कधी सांगितली नाही. सांगताना मी स्वतः आतून जळत असायचे.

आधी गल्लीची ओळख. जालन्यात स्टेशनच्या मागे आमची लाकडाची वखार, तिला लागून तांदळाचं दुकान आणि भोवती आमच्या भाऊबंदांची चार-पाच घरं. आम्ही मूळचे दक्षिणेकडच्या समुद्रकाठचे. तिकडे नदी जंगलातून सागवान वाहून आणते, खाडीच्या कडेला भात पिकतं, आणि आमचे पूर्वज याच दोन गोष्टींवर जगायचे. जालन्यात कापसाच्या जिन, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्या, उभ्या राहू लागल्या, त्यांच्या छपरांना लांब तुळया हव्या होत्या, म्हणून पणजोबा आले ते इथलेच झाले. दिवाळी झाली की घरातला एक पुरुष तिकडे जाऊन सागवान निवडतो आणि उकडा तांदूळ घेऊन येतो. बाकीचे वर्षभर कुंडलिकेच्या कोरड्या पात्राकडे बघत समुद्राच्या गप्पा मारतात.

इथेच जन्मलेलं, इथेच दात पडलेलं माणूससुद्धा ऐटीत म्हणतं, "आमच्याकडं असं न्हाई बरं!"

*

समुद्राचा सगळा ठेका बप्पांकडे. बप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. पणजोबांबरोबर तिकडून आलेल्यांपैकी आता तेवढेच उरलेत, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. लाटा किती उंच, ओंडक्यांचे तराफे कसे वाहत यायचे, वादळात बप्पांनी एकट्यानं सुकाणू कसं धरलं! हे सुकाणू ते कधी आठ वर्षांचे असताना धरायचे, कधी बारा.

मी एकदा म्हटलं, "बप्पा, परवा तर तुम्ही आठ वर्षांचे होतात."

बप्पा जराही अडखळले नाहीत. "समुद्राकाठचं पोर जल्दी वाढतं!"

दरवर्षी तिकडे जायचे ते दामूकाका, माझ्या बाबांचे मोठे भाऊ. बप्पा स्वतः कधीच जायचे नाहीत. कधी पाठ धरायची, कधी वखार सोडवायची नाही. पण दामूकाका परत आले की त्यांची झडती घ्यायचे.

"समुद्र कुठल्या अंगाला दिसला?"

"समोर, बप्पा."

"समोर? मंग तू चुकीच्या जागी उभा राह्यला!"

आणि बिचारे दामूकाका, नुकताच समुद्र बघून आलेला माणूस, मान खाली घालून म्हणायचे, "असंल."

*

तिकडे ओंडके खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे उन्हानं तडकत नाहीत. जालन्याच्या उन्हाळ्यात आमचे ओंडके फटाफट तडकायला लागले, तेव्हा तरुण बप्पांनी फर्मान काढलं, "कुंडलिकेत टाका!"

नदीत एका डोहापुरतं पाणी. त्यात सागवानाचे ओंडके लोळवले आणि जाड दोरखंडानं काठच्या बाभळीला बांधले. गावची माणसं येऊन सांगून गेली, "बप्पा, ही नदी कोरडी दिसती, पण वरती पाऊस झाला तर सांगून येत न्हाई."

"आम्हाला पाणी शिकवता?" बप्पा म्हणाले. "ही दर्यावर्दी गाठ हाय. वादळात जहाज सुटत न्हाई, तुमची नदी काय सोडवती?"

वळवाचा पाऊस झाला, नदी आली आणि गेली. ओंडक्यांसह! बप्पा बैलगाडी घेऊन काठाकाठानं शोधत निघाले. कुंडलिका दुधनेला मिळते, तीही ओलांडून पार परतूरच्या पुढे गेले. एका गावात आमचा सगळ्यात लांब ओंडका सापडला. त्याला हळदकुंकू लावलेलं, हार घातलेला. गावकरी म्हणाले, "देवळाच्या आढ्याला असंच लाकूड पायजे होतं. देवानं बराबर मापाचं धाडलं!"

देवाकडून ओंडका परत कसा मागायचा? बप्पा नारळाचा प्रसाद खाऊन घरी आले. गल्ली दारात उभी होती. कुणीतरी हळूच विचारलं, "गाठ सुटली का हो?"

"गाठ?" बप्पा गरजले. "गाठ जशीच्या तशी हाय. बाभूळच गेली!"

*

आता माझ्या जळण्याचं मूळ.

आमच्यात बारशाला बाळाच्या ओठाला समुद्र लावतात. दामूकाका दरवर्षी एक बाटली खारं पाणी भरून आणायचे. घरातल्या वडीलधाऱ्यानं, म्हणजे बप्पांनी, त्यात बोट बुडवून बाळाच्या ओठाला लावायचं. एवढं झालं की ते मूल समुद्राचं झालं. मग ते जालन्यात वाढो नाहीतर तीर्थपुरीत.

माझ्या जन्माच्या वर्षी दामूकाका बाटली घेऊन निजामाच्या हद्दीत शिरत होते. तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. अंमलदारानं बाटली उजेडात धरली.

"इसमें क्या है?"

"समंदर," दामूकाका म्हणाले.

"पूरा?"

आजूबाजूचे हसले, आणि अंमलदाराला ते लागलं असावं. म्हणाला, "पानी है तो पी के दिखाओ."

दामूकाकांनी एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की अंमलदार ओरडला, "देखो! शराबच है!"

मग दारू नाही हे सिद्ध करायला बिचाऱ्यांना अख्खी बाटली प्यावी लागली. समुद्र पोटात घेऊन ते जालन्याला उतरले, आणि इकडे माझं बारसं तोंडावर! शेवटी रमाकाकूंनी, म्हणजे दामूकाकांच्या बायकोनं, विहिरीच्या पाण्यात मीठ कालवलं आणि तेच माझ्या ओठाला लागलं.

माझ्याहून थोडाच मोठा असलेला काकूंचा गोपाळ मात्र आदल्या बाटलीतला. त्याला खरा थेंब! पुढच्या वर्षी बाटली आली तेव्हा आईनं विचारलं होतं, "आता लावू का इंदूला?" बप्पा म्हणाले, "एकदा बारसं झालं की झालं. पोरीला काय, चालतंय."

चालतंय! लहानपणी भांडण झालं की गोपाळ जीभ काढून म्हणायचा, "मी समुद्राचा, तू विहिरीची!" मी त्याला चावायचे.

तेव्हा काकू काय म्हणायच्या? "माझंच चुकलं बाई. मीठ जरा जास्तच पडलं!"

*

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत तिकडे जाणं बंद झालं आणि तांदूळ दिसेनासा झाला. गल्लीतली सगळी माणसं भाकरी खायला लागली. बप्पा सोडून. "भाकरी काय माणसाचं खाणं हाय?" असं ते जालन्यात बसून, जालन्याच्या माणसांसमोर म्हणायचे. घरात जो मूठभर उकडा तांदूळ होता त्याची पेज बप्पांना आणि गोपाळला. मी सुट्टीत घरी आले होते. मी विचारलं, "मला का नाही?" काकू म्हणाल्या, "तुला कुठं एवढी आवड हाय गं?"

तोही संपला. काकूंनी एक दिवस गुपचूप ज्वारी भरडली, कण्या मऊ शिजवल्या, वर नारळाचा रस घातला आणि ताट बप्पांपुढे ठेवलं. बप्पांनी डोळे मिटून पहिला घास घेतला.

"वा! वासच सांगतो. खाडीकाठचा तांदूळ! पोरी, या चवीला खारा वारा लागतो, खारा वारा!"

काकू बिलकुल हसल्या नाहीत. "तीर्थपुरीच्या बाजारातली ज्वारी हाय, बप्पा."

बप्पांनी डोळे उघडले नाहीत. दुसरा घास घेतला आणि म्हणाले, "बियाणं तिकडून आलं असंल."

*

लढाई संपली, वाट मोकळी झाली. दामूकाकांचे गुडघे गेले होते. आता बरोबर कुणाला तरी शिकायला न्यायचं ठरलं, म्हणजे पुढे तोच जाईल. मी नुकतीच बी. ए. होऊन आले होते. मी उभी राहून सांगितलं, "मला जायचंय."

गल्लीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"लाकूड कळतं का तुला?" बप्पांनी विचारलं.

"घ्या परीक्षा."

सागवान घेताना ओंडक्याच्या एका टोकावर कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकतात आणि दुसऱ्या टोकाला कान लावतात. आतून पोकळ असेल तर आवाज बसका येतो. बप्पांनी एक ओंडका ठोकला. गोपाळनं कान लावला, म्हणाला, "पक्का माल!" मी कान लावला, म्हटलं, "पोकळ आहे."

करीमचाचांनी, आमच्या आराकसांनी, करवत लावली. ओंडक्याचे दोन तुकडे झाले आणि मधल्या पोकळीतून मुंग्यांची फौज बाहेर पडली. चाचा म्हणाले, "इंदू बेटी पास!"

मी बप्पांकडे पाहिलं. बप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

"ठरलं मंग. गोपाळ जाईल."

"का?" मी किंचाळलेच.

"त्याला अजून शिकायचंय. तुला तर येतंच हाय!"

*

गोपाळ गेला. त्या दिवसांत मी वखारीत पाऊल टाकलं नाही. हा आत्ता घाट उतरत असेल, आता पोचला असेल, आता त्याच्या पायांना पाणी लागलं असेल! त्याच्या पायांना! जो कुंडलिकेत घोट्याएवढ्या पाण्यात भिऊन रडला होता!

तो आला. अख्खी गल्ली भोवती जमली. मी ठरवलं होतं विचारायचं नाही. विचारलंच.

"कसा असतो रे समुद्र?"

गोपाळनं खूप विचार केला.

"मोठा असतो."

"आणि?"

"आणि... ओला."

देवा! मी याच्यावर जळत होते!

*

त्यानंतरच्या मार्गशीर्षात बाजी उलटली. गोपाळचं लग्न झालं होतं. दिवाळसणाला तो सासरी आष्टीला गेला आणि तिथून हलेचना. निरोप आला, "प्रकृती ठीक नाही." काकू म्हणाल्या, "सासूच्या हातचं खाऊन कुणाची ठीक राहती?" दामूकाका खाटेवर. बाबा तांदळाचं दुकान सोडून परसातसुद्धा जात नाहीत. वखारीत माल संपत आलेला.

मी म्हटलं, "मी जाते."

"पोरीच्या जातीनं एकटीनं?" काकूंनी गालाला हात लावला.

"एकटी कशी? बप्पा आहेत की! त्यांच्याइतकी वाट गल्लीत दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच की! एवढे दिवस हे सुचलं कसं नाही! बप्पांनी लगेच पाठ धरली. काकूंनी लगेच तेलाची बाटली आणली. बप्पा म्हणाले, वखार कोण बघंल? करीमचाचा म्हणाले, "मैं हूँ ना, बप्पा. आप बेफिकर जाओ." बप्पांना पळायला वाट राहिली नाही.

सिकंदराबादपर्यंत ते अखंड बोलत होते. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाला लाटा, वादळ, सुकाणू, सगळं दाखवून झालं. पुढे गाड्या बदलत बदलत हुबळी आली, आणि सर्व्हिस मोटार घाटाच्या झाडीत शिरली तसे ते गप्प झाले. मी विचारलं, "आता किती राहिलं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सगळं बदललंय गं."

खाली उतरलो. भाताची कापलेली शेतं, माड, नदीच्या कडेला पाण्यात पडलेले ओंडके. तिथले भाऊबंद पाया पडायला धावले. हात-पाय धुऊन झाले तसं त्यांच्यातला एक जण म्हणाला, "बप्पा, तुम्हाला काय वाट दाखवायची! जाऊन या समुद्रावर."

"चल इंदे," बप्पा म्हणाले. "तू पुढं हो."

मी आवाजाच्या दिशेनं चालत सुटले. माडांची रांग संपली आणि समोर तो होता. बरोबर समोरच! आयुष्यभर ज्याच्यासाठी सगळ्यांवर जळले तो इतका जवळ, आणि कुणाचाच नाही.

बप्पा मागून आले. त्यांनी जोडे काढले, मग टोपीही काढली. मी म्हटलं, "बप्पा, माझा थेंब राहिलाय."

त्यांनी मान हलवली. धोतर वर धरून पुढे गेले. लाट आली तसे दचकून मागे सरले, पुन्हा पुढे गेले. वाकून बोट बुडवलं, परत आले आणि बारशाला लावतात तसं माझ्या ओठाला लावलं.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बप्पा माझ्याकडे पाठ करून उभे होते आणि तेच बोट त्यांच्या तोंडात होतं.

ते वळले.

"इंदे," ते म्हणाले, "खरंच खारट हाय गं!"